सेकंडरी अँटिबॉडी घेताना भाव बाटलीचा नको, प्लेटचा काढा

बिदरचं पशुवैद्यकीय विद्यापीठ असो की कलबुर्गीजवळच्या कडगंचीचं केंद्रीय विद्यापीठ, कोटेशनं आली की नजर आधी सर्वांत कमी आकड्यावर जाते. सेकंडरी अँटिबॉडीच्या बाबतीत तिथंच फसायला होतं.

हिशेब मांडून बघा. एलायझाच्या 96 खान्यांच्या प्लेटला साधारण 10 मिली द्रावण लागतं. 4,000 रुपयांची 1 मिली बाटली 1:1000 ला चालत असेल, तर एका प्लेटला 10 मायक्रोलिटर जाते. खर्च 40 रुपये. 10,000 ची बाटली 1:5000 ला चालली, तर 2 मायक्रोलिटरमध्ये भागतं, खर्च 20. मात्र वर्षाला दहाच प्लेटा लावणार असाल, तर हा हिशेब विसरा आणि लहान पॅक घ्या.

आता निवड. लेबलवर ‘गोट अँटी-रॅबिट’ असेल, तर ती बनली शेळीत आणि पकडते सशाची अँटिबॉडी. वेस्टर्न ब्लॉटची प्रायमरी सशाची असेल, तर हीच घ्यायची. देवणी गाईच्या सीरममध्ये ब्रुसेलाविरोधी अँटिबॉडी शोधायची असेल, तर मात्र प्रायमरी गाईचीच, म्हणून अँटी-बोव्हाइन हवी. उस्मानाबादी शेळ्या, मेंढ्या आणि गाई तिन्ही तपासायच्या असतील, तर तीन बाटल्यांऐवजी एचआरपी जोडलेलं प्रोटीन-जी बघा; तिन्हींच्या आयजीजीला ते चांगलं धरतं. प्रोटीन-ए स्वस्त मिळालं तरी इथं नको, या जनावरांत त्याची पकड कमजोर असते.

अशा कामात ब्लॉकिंगला दुधाची पावडर वापरू नका. त्यात गाईचंच आयजीजी असतं; सेकंडरी त्यालाच चिकटते आणि अख्खी प्लेट रंगते. माशाचं जिलेटिन वापरा. क्रॉस-अ‍ॅडसॉर्ब्ड माल महाग पडतो, पण एकाच स्लाइडवर दोन प्राण्यांच्या प्रायमरी लावायच्या असतील तर तिथं काटकसर नको. आणि फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप नसताना रंगीत फ्लुरोफोरच्या मोहात कशाला पडायचं?

कोटेशनमध्ये जीएसटी आणि थंड पार्सलचा खर्च वेगळा लिहून मागा. हैदराबाद किंवा बेंगळुरूहून माल शुक्रवारी निघू देऊ नका; आपल्याकडच्या उन्हाळ्यात रविवारी गोदामात अडकलेला बर्फ सोमवारपर्यंत टिकत नाही. एचआरपीच्या बाटलीत सोडियम अझाइड टाकू नका, एन्झाइम बंद पडतं.

बाटली आली की त्याच आठवड्यात काही खान्यांत सीरम न घालता नुसती सेकंडरी लावा. तिथं रंग आला, तर आधी ब्लॉकिंग आणि धुणं तपासा. तरीही आला, तर लॉट नंबरसह पुरवठादाराला लगेच लेखी कळवा.