ज्याचे पाते त्याला

परवा एक कॉलेजकुमार गालावरचे पुरळ दाखवायला आला. दाढीनंतर असे पुरळ उठणे ही नेहमीचीच तक्रार. विचारपूस करता कळले की, घरात रेझर एकच, बाप-लेक आलटून पालटून वापरतात. आणि वडिलांना रक्तदानाच्या वेळी ‘ब’ प्रकारच्या काविळीची लागण असल्याचे सांगितलेले! पुरळ बाजूला राहिले, मी आधी मुलाचे रक्त तपासायला पाठवले. सुदैवाने दोष निघाला नाही. लसीचे ३ डोस सुरू केले.

या काविळीचे विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान ७ दिवस तग धरतात. दाढी करताना न दिसणारे ओरखडे पडतातच. पाते नुसते पाण्याने धुऊन धोका टळत नाही. तुरटीचा खडाही ज्याचा त्याने वेगळा ठेवावा. सलूनमध्ये नवे पाते आपल्यासमोर उघडायला सांगावे, त्यात संकोच कसला?

पुरळाचे म्हणाल तर, कोमट पाण्याने २-३ मिनिटे दाढी भिजवावी, ब्रशने भरपूर फेस करावा आणि केसांच्या दिशेने, दाब न देता रेझर फिरवावा. नंतर पाते धुऊन, झटकून कोरडे ठेवावे. टॉवेलने पुसू नये. पाते केस ओढू लागले की बदलावे. तेथे काटकसर नको.

जुनी पाती मात्र कचऱ्यात सुटी टाकू नका, पत्र्याच्या डब्यात साठवा. सफाई कामगारांच्या बोटांना मी बरेचदा टाके घातले आहेत.