अवयवदान आणि इस्लामी धर्मशास्त्र : एका पित्याने शिकविलेला धडा

हैदराबादेत व्यवसाय करणाऱ्या आपणां मराठी डॉक्टरांच्या रुग्णांत मुस्लिम बांधवांची संख्या मोठी आहे. आपल्या आधीच्या पिढीतील कित्येकांनी उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून वैद्यकाचे शिक्षण घेतले होते. रुग्णाच्या भाषेबरोबर त्याची श्रद्धाही त्यांना सहज उमगे. माझ्या पिढीला ते अभ्यासाने मिळवावे लागते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या अभ्यासाचे, आणि त्यास कारण ठरलेल्या माझ्या एका चुकीचे टिपण आहे.

काही वर्षांपूर्वी अपघातात डोक्यास जबर मार लागलेला एक तरुण अतिदक्षता विभागात होता. मेंदूमृत्यू निश्चित झाल्यावर कुटुंबाशी अवयवदानाविषयी बोलण्याचे काम माझ्याकडे आले. एक जीव वाचविणे म्हणजे साऱ्या मानवजातीस वाचविणे, या आशयाच्या कुराणवचनाचा (सूरह अल्-माइदा, ३२) दाखला मी मोठ्या आत्मविश्वासाने दिला. तरुणाच्या वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले व म्हणाले, "डाक्टर साब, इंतेखाल हो गया बोले तो मिट्टी देने दीजिए; जिंदा हैं बोले तो इलाज कीजिए."

माझ्यापाशी उत्तर नव्हते. कुटुंबाने नकार दिला. दुसऱ्या दिवशी हृदयक्रिया थांबली आणि दफनविधी झाला. मी वचन सांगितले होते. पण त्यांचा प्रश्न निराळाच होता.

पुढे वाचनातून व काही मौलवींशी झालेल्या चर्चेतून ध्यानात आले, की येथे वस्तुतः दोन प्रश्न आहेत. पहिला : मृत्यू झाला हे केव्हा मानावे? दुसरा : देह कोणाचा, आणि तो देण्याचा अधिकार कोणास?

पहिल्या प्रश्नावर धर्मशास्त्रज्ञांत एकमत नाही. इस्लामी राष्ट्रसंघटनेच्या फिक्ह अकादमीने १९८६ साली अम्मान येथील अधिवेशनात, मेंदूचे सर्व कार्य कायमचे थांबल्याचे तज्ज्ञांनी निश्चित केल्यास तो मृत्यूच होय, असा निर्णय दिला. उलट, मक्केच्या फिक्ह अकादमीने १९८७ साली असे ठरविले, की अशा वेळी कृत्रिम श्वासयंत्र काढता येईल. परंतु श्वास व हृदय थांबेपर्यंत मृत्यू झाला असे मानू नये. त्या पित्याचा प्रश्न नेमका या दोन निर्णयांच्या मधला होता.

दुसऱ्या प्रश्नाचे मूळ 'अमानत' या कल्पनेत आहे. देह ही ईश्वराने सोपविलेली ठेव. माणूस तिचा रक्षक, मालक नव्हे. शिवाय मृताचे हाड मोडणे हे जिवंताचे हाड मोडण्यासारखेच, या आशयाची हदीस आहे. या आधारावर उपखंडातील अनेक हनफी विद्वानांनी अवयवदानास विरोध केला. पाकिस्तानचे मुफ्ती मुहम्मद शफी हे त्यांतील ठळक नाव. दिल्लीत १९८९ साली इस्लामिक फिक्ह अकादमीच्या (भारत) परिसंवादात जिवंत दात्याने नातलगास मूत्रपिंड देण्यास काही अटींवर मान्यता मिळाली. मात्र मरणोत्तर दानाचे इच्छापत्र शरीअतनुसार वैध मानले गेले नाही.

दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. 'गरज निषिद्धास अनुज्ञेय करते' आणि 'दोन हानींपैकी लहान हानी पत्करावी' या मान्य सूत्रांच्या आधारे सौदी अरेबियाच्या वरिष्ठ उलेमा मंडळाने १९८२ साली अवयवदानास अनुमती दिली. जेद्दाहच्या फिक्ह अकादमीने १९८८ साली मृताच्या पूर्वसंमतीने वा वारसांच्या संमतीने अवयव घेण्यास मान्यता दिली. अवयवाची विक्री मात्र सर्वथा निषिद्ध ठरविली. कराचीचे समाजसेवक अब्दुल सत्तार ईधी यांचे २०१६ साली निधन झाले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे नेत्रदान झाले.

तात्पर्य, 'इस्लाम परवानगी देतो' किंवा 'देत नाही' ही दोन्ही विधाने अपुरी आहेत. आणि ती करण्याचा अधिकार आपणां डॉक्टरांस नाही.

आपला अधिकार पहिल्या प्रश्नाच्या वैद्यकीय भागापुरता आहे; तेथे मात्र संदिग्धता असू नये. आपल्याकडे चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. प्रत्यारोपण करणारा डॉक्टर त्या मंडळात नसतो. हे कुटुंबास आधी सांगावे. श्वासयंत्रामुळे छाती हलते, त्यामुळे देह उबदार राहतो, हेही समजवावे. 'दान' हा शब्द त्या भेटीत उच्चारूच नये. मृत्यूचे सत्य मनात उतरल्यावर, दुसऱ्या बैठकीत, तो विषय काढावा. कुटुंबाला स्वतःच्या मुफ्तींशी बोलण्यास वेळ व एकांत द्यावा. शस्त्रक्रियेस किती तास लागतील व देह केव्हा हाती येईल, हे प्रामाणिकपणे सांगावे. कारण गुस्ल व दफनास विलंब होऊ नये ही चिंता खरी असते. देह सन्मानाने शिवून परत दिला जातो, हेही आवर्जून सांगावे.

या पद्धतीने बोलू लागल्यापासून मला होकारही मिळाले, नकारही मिळाले. नकार देणाऱ्या कुटुंबाशी माझी वागणूक बदलत नाही. मागता येते म्हणून मिळालेच पाहिजे, असे दानाच्या बाबतीत नसते.

त्या पित्याची भेट पुन्हा झाली नाही. परंतु कोणत्याही कुटुंबासमोर बसण्यापूर्वी त्यांचे वाक्य मी मनाशी उच्चारतो, आणि त्यांनी विचारण्याआधी त्याच्या पूर्वार्धाचे उत्तर देतो.