जलाशयातील मासेमारी : जाळ्याचा आस कसा निवडावा?

यवतमाळ जिल्हा म्हटला की प्रथम कापूस आठवतो. मासळीचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि पूस, अरुणावती, बेंबळा या नद्यांवरील धरणे, पैनगंगेवरील ईसापूरचा विस्तीर्ण जलाशय आणि गावोगावचे लहानमोठे सिंचन तलाव यांमुळे भोई, ढिवर समाजातील अनेक कुटुंबांना उपजीविकेचे साधन लाभले आहे. मच्छीमार सहकारी संस्था मासेमारीचा ठेका घेतात, मत्स्यबीज सोडतात आणि जाळी खरेदी करतात. पहिल्या दोन कामांची चर्चा सभेत पुष्कळ होते. जाळ्यांची खरेदी मात्र बहुधा दुकानदाराच्या सांगण्यावरून उरकली जाते. संस्थेच्या उत्पन्नाचे गणित बिघडते ते पुष्कळदा येथेच.

कटला, रोहू व मृगळ हे आपल्याकडील प्रमुख मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील वाहते, चढते पाणी लागते. दिनांक १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पियूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातींचे प्रजनन घडवून आणले. तेव्हापासून तलावांसाठी खात्रीचे बीज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. याचा व्यावहारिक अर्थ असा की, जलाशयातील कटला हा बहुतांशी पैसे देऊन सोडलेला असतो. तो वाढण्यापूर्वीच पकडणे म्हणजे निसवण्याआधीच ज्वारी कापून वैरण करण्यासारखे आहे.

हे नुकसान किती मोठे असते? माशाची लांबी दुप्पट झाली की त्याचे वजन साधारणतः आठपट होते, कारण लांबीबरोबर रुंदी आणि जाडीही वाढते. वीस सेंटिमीटरचा रोहू सुमारे शंभर ग्रॅम भरतो; तोच चाळीस सेंटिमीटरचा झाला की आठशे ग्रॅमच्या आसपास जातो. शिवाय मोठ्या माशाला किलोमागे भावही अधिक मिळतो.

जलाशयात मुख्यत्वे गिल नेट, म्हणजे माशाला कल्ल्याशी अडकविणारे जाळे वापरतात. बुडालेली झाडे, खुंट आणि दगड यांमुळे ओढजाळे तेथे चालत नाही. गिल नेट भिंतीसारखे पाण्यात उभे राहते. लहान मासा आसातून, म्हणजे जाळ्याच्या एका घरातून, पार निघून जातो. फार मोठा मासा त्यात शिरतच नाही. मधल्या आकाराचा तेवढा अडकतो. म्हणून आस ठरविणे म्हणजे कोणता मासा धरावयाचा व कोणता सोडावयाचा, हे ठरविणे होय.

त्यासाठी एक सोपी रीत आहे. ज्या वजनाचा मासा हवा असेल तसा एक मासा घेऊन त्याच्या सर्वांत जाड भागाभोवती दोरा गुंडाळावा व घेर मोजावा. त्या घेराला अडीचने भागले की ताणून मोजलेल्या आसाचा अंदाज मिळतो. घेर तीस सेंटिमीटर असेल, तर बारा सेंटिमीटरचा आस योग्य ठरेल.

मात्र ‘ताणून मोजलेला’ हे शब्द मागणीपत्रात अवश्य लिहावेत. काही विक्रेते आसाच्या एका बाजूची, म्हणजे एका गाठीपासून लगतच्या गाठीपर्यंतची लांबी सांगतात, तर काही पूर्ण ताणलेल्या आसाची. बाजू पन्नास मिलिमीटर असेल, तर ताणलेला आस शंभर मिलिमीटर होतो. एवढ्या एका संदिग्धतेमुळे निम्म्या आसाची जाळी संस्थेच्या गळ्यात पडू शकते. माल ताब्यात घेताना सलग दहा आस ओले करून ताणावेत, पट्टीने मोजावेत आणि दहाने भागावे.

माशाचा बांधाही ध्यानात घेतला पाहिजे. कटल्याचे डोके मोठे व शरीर उंच असते. रोहू त्याहून सडपातळ. त्यामुळे एकाच आसात कटला रोहूपेक्षा कमी लांबीचा असतानाच अडकतो. दोन्ही जाती असलेल्या पाण्यात आस कटल्याला धरून ठरवावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी चरतो. तेव्हा तरंड व शिसे यांचे प्रमाण त्यानुसार ठेवावे. दोरीवर जाळे बांधताना शंभर मीटर ताणलेले जाळे साधारण पन्नास मीटर दोरीवर बसवितात. याहून सैल बांधल्यास जाळ्याची झोळी होते. मग आस मोठा असूनही लहान मासे गुरफटतात.

मरळ व शिवडा या शिकारी माशांसाठी गळ उपयोगी पडतो. हौशी मंडळी आता रीळ लावलेली काठीही आणतात. काठावरून हलके आमिष दूर फेकावयाचे असल्यास स्थिर चकरीचे रीळ सोयीचे असते, कारण दोर चकरीवरून मोकळा सुटतो. नावेमागून आमिष ओढीत न्यावयाचे असल्यास फिरत्या चकरीचे, भरपूर दोर मावणारे रीळ बरे. पण संस्थेच्या सभासदाचा संसार गळावर चालत नाही. तो जाळ्यावरच चालतो.

सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने मनाई केली असून, जाळ्यांचे प्रकार व आकार यांविषयी नियम करण्याचा अधिकारही राज्याला दिला आहे. अनुसूचित क्षेत्रातील गावांत तर १९९६ च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतीकडे सोपविले आहे. तेथील पंचायत सदस्यांनी तलाव देताना किमान आसाची अट ठरावातच घालावी आणि मच्छरदाणीसारख्या बारीक जाळ्यांना स्पष्ट नकार लिहावा.

सुती जाळी पाण्यात कुजत असत, म्हणून मच्छीमार ती सालीच्या काढ्यात रंगवून वाळवीत. नायलॉन कुजत नाही. हा त्याचा गुण खरा. परंतु खुंटात अडकून तळाशी राहिलेले नायलॉनचे जाळे कोणी न काढताही मासे मारीतच राहते. यास्तव नावेतून किती जाळी गेली आणि किती परत आली, याची नोंद संस्थेच्या वहीत दररोज व्हावी. हरवलेल्या जाळ्याची जागा लिहून ठेवावी आणि उन्हाळ्यात पाणी उतरताच ते शोधून काढावे.