विसरण : पितळेतले आणि मेंदूतले

उदबत्तीचा सुवास खोलीभर पसरतो हे विसरणाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. खरे म्हणजे ते फारसे चांगले उदाहरण नव्हे. तो सुवास मुख्यतः हवेचे झोत वाहून नेतात. निव्वळ विसरण पाहायचे तर झोत संभवतच नाहीत असा पदार्थ हवा, म्हणजे घन पदार्थ.

पण घन धातूतील अणू जागा बदलतात का? बदलतात. घन शिशात सोने किती वेगाने शिरते, हे रॉबर्ट्स-ऑस्टेन या ब्रिटिश धातुशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये मोजून दाखविले. मग प्रश्न आला, की भरगच्च बसलेल्या अणूंना वाट मिळते कोठून? शेजारचे दोन अणू परस्परांत जागा बदलत असावेत, असे पुष्कळांना वाटे. तसे असेल तर जितके अणू इकडून तिकडे जातील, तितकेच तिकडून इकडे यायला हवेत.

अमेरिकेतील अर्नेस्ट किर्केंडॉल यांना हे पटत नव्हते. त्यांनी व ॲलिस स्मिगेल्स्कस यांनी ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेल्या पितळेची कांब घेतली, तिच्या दोन्ही बाजूंस मॉलिब्डेनमच्या बारीक तारा लावल्या आणि वर तांब्याचा जाड थर चढविला. मॉलिब्डेनम या दोन्ही धातूंत विरघळत नाही, म्हणून या तारा म्हणजे जणू शेताच्या बांधावरच्या खुणा. ही कांब ७८५ अंश सेल्सिअसला ५६ दिवस तापविली. पितळही वितळत नाही आणि तांबेही, असे हे तापमान. मधूनमधून तुकडे कापून तारांमधील अंतर मोजले. ते कमी कमी होत होते! याचा अर्थ पितळेतून जितके जस्त बाहेर पडले, तितके तांबे आत आले नव्हते.

हा निबंध १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला, पण सहजासहजी नव्हे. त्या काळचे मोठे धातुशास्त्रज्ञ रॉबर्ट मेल यांचा या निष्कर्षावर विश्वास बसेना. परीक्षक म्हणून त्यांनी तो काही महिने अडवून धरला. पुढे मेल यांच्याच विद्यार्थ्याने निरनिराळ्या धातूंच्या जोड्या घेऊन प्रयोग केले आणि १९५१ मध्ये किर्केंडॉल यांचे म्हणणे खरे ठरले. मेल यांना दोष देणे सोपे आहे. पण शंका घेणाऱ्याच्याच प्रयोगशाळेत उत्तर मिळाले, हेही विसरू नये.

वाट मिळते ती रिकाम्या जागांमुळे. स्फटिकात अधूनमधून एखाद्या अणूची जागा मोकळी असते. धातू वितळायच्या बेतात आला, तरी दहा हजारांमागे अशी एखाद-दुसरीच. शेजारचा अणू तीत उडी घेतो, त्याची जागा रिकामी होते, आणि असेच पुढे चालते. जस्ताचे अणू तांब्याच्या अणूंपेक्षा जलद उड्या घेतात, म्हणून पितळ आत आक्रसते.

या उड्यांना दिशा नसते. डोळे बांधलेला मुलगा वाटेल तिकडे वळत १०० पावले चालला, तर निघाल्या जागेपासून साधारण १० पावलांवरच सापडेल. म्हणून दुप्पट अंतराला चौपट वेळ, दहापट अंतराला शंभरपट. किर्केंडॉल यांच्या तारासुद्धा याच नियमाने सरकत होत्या.

आता हाच नियम आपल्या डोक्यात लावू. रक्तातील ऑक्सिजन मज्जापेशीपर्यंत शेवटचा टप्पा विसरणानेच गाठतो. आपल्या मेंदूत केशवाहिन्यांचे जाळे इतके दाट आहे, की बहुतेक पेशी एखाद्या केशवाहिनीपासून सुमारे २० मायक्रोमीटरवर असतात. एवढ्या अंतराला लागतो सेकंदाचा साधारण दहावा भाग. समजा, जाळेच नाही आणि ऑक्सिजनला पृष्ठभागापासून ७ सेंटिमीटर आत जायचे आहे. अंतर ३,५०० पट, म्हणून वेळ १,२२,५०,००० पट. करा गुणाकार : सुमारे १४ दिवस!

ऑस्ट्रॅलोपिथेकसचा मेंदू सुमारे ४५० घनसेंटिमीटर होता, आपला सुमारे १,३५०. तीस लाख वर्षांत मेंदू तिप्पट झाला, पण विसरणाचा नियम बदलला नाही. तेव्हा मेंदूबरोबर रक्तवाहिन्यांचे जाळेही वाढणे भागच होते. शरीराच्या वजनाच्या केवळ २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या वेळी सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. त्याचा रक्तपुरवठा थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत पेशी मरू लागतात. पक्षाघाताच्या रुग्णाला तातडीने रुग्णालयात नेतात ते यासाठीच. शेजारच्या भागातून विसरणाने ऑक्सिजन येईल, इतका वेळच नसतो.

विचारांची वाहतूकही याच हिशेबाने चालते. दोन मज्जापेशींमधील फट सुमारे २० नॅनोमीटरची असते. ती रासायनिक संदेशवाहक रेणू विसरणाने ओलांडतात, तेही सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. पण पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंतचा मीटरभर मज्जातंतू त्यांना असाच ओलांडायचा असता, तर कित्येक दशके लागली असती. तेथे विद्युत्‌संदेश धावतो, आणि फट आली की मगच विसरणाची पाळी येते.