ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधील खराब गिअर : पुन्हा वापरावा की बदलावा?

परंडा तालुक्यात ट्रॅक्टरला वर्षभर काम असते. रब्बी ज्वारीसाठी मशागत व पेरणी, त्यानंतर सीना काठच्या भागात उसाची वाहतूक आणि उन्हाळ्यात नांगरट. उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या ओढताना गिअरबॉक्सवर सर्वांत जास्त ताण येतो. गिअरबॉक्सच्या दुरुस्तीसाठी बहुतेक ट्रॅक्टर मधोमध वेगळे करावे लागतात. त्यामुळे खराब गिअर परत बसवून वाचविलेले पैसे दुसऱ्यांदा ट्रॅक्टर खोलण्याच्या मजुरीत जातात आणि ऐन हंगामात काम बंद पडते ते वेगळेच. म्हणून प्रत्येक गिअर तपासूनच निर्णय घ्यावा.

गिअर लवकर का तुटतो?

गिअरच्या दात्याचा वरचा थर उष्णता देऊन कठीण केलेला असतो. हा थर साधारण मिलिमीटरभराचा असून आतील पोलाद त्यामानाने मऊ व चिवट असते. कठीण थर निघाला की झीज झपाट्याने वाढते. शिवाय एका वेळी एक किंवा दोनच दाते भार घेतात. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या गिअरचा प्रत्येक दाता तासाला ९०,००० वेळा भाराखाली येतो. त्यामुळे आज केसाएवढी असलेली भेग फार काळ तेवढीच राहत नाही.

तपासणी कशी करावी?

गिअर डिझेलने स्वच्छ धुऊन कोरडा करावा व उजेडात एकेक दाता पाहावा. भेगेची शंका असल्यास त्या जागी रॉकेल किंवा डिझेल लावून थोडा वेळ थांबावे, पुसून घ्यावे आणि खडूची बारीक पूड टाकावी. भेग असल्यास पुडीवर ओली रेघ उमटते. दात्याच्या बुडाशी विशेष लक्ष द्यावे, कारण दाता बहुधा तेथूनच तुटतो.

पुन्हा वापरता येणारे गिअर

१) दात्यांवर फक्त चकाकी किंवा एकसारखी हलकी झीज असलेले.
२) दात्याच्या मध्यरेषेवर टाचणीच्या टोकाएवढे थोडे खड्डे असलेले; मात्र ते एकमेकांत मिसळलेले नसावेत.
३) टोकाला किंचित बोथट झालेले. अशा दात्यावरील कंगोरे तेलदगडाने घासून काढावेत.

बदलावेच लागणारे गिअर

१) दाता तुटलेला अथवा कोठेही भेग असलेला.
२) पृष्ठभागाचे पापुद्रे निघालेला किंवा खड्डे मिसळून मोठे झालेला.
३) निळसर पडलेला. साधारण ३०० अंश सेल्सिअस उष्णतेने हा रंग येतो व दात्याचा कठीणपणा कमी होतो.
४) टोके निमुळती झाल्याने चालताना निसटणारा.
५) आतील खाचा झिजल्याने शाफ्टवर हलणारा.

तुटलेल्या दात्यावर वेल्डिंग करून घेऊ नये. त्या उष्णतेने शेजारच्या दात्यांचाही कठीणपणा जातो. एक गिअर बदलताना त्याच्याशी जुळणारा गिअरही तपासावा. तो झिजलेला असल्यास जोडीच बदलावी. अन्यथा नवा गिअर आवाज करतो व लवकर खराब होतो.

गिअर कोणत्या जागेवरचा आहे, हेही पाहावे. रिव्हर्सचा गिअर थोडाच वेळ चालतो. तेथे हलकी झीज चालू शकते. मात्र इंजिनकडून येणारी शक्ती पुढे देणारी, सतत चालणारी जोडी संशयास्पद असल्यास बदलणेच हिताचे.

मूळ कारण शोधा

बेअरिंग ढिले झाल्यास शाफ्ट तिरपा होतो व दाते एका कडेनेच झिजतात. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. दात्यांची टोके खराब असल्यास क्लचचे समायोजन व गिअर टाकणारा काटा तपासावा. ही कारणे दूर न केल्यास नवे गिअरही टिकणार नाहीत.

जोडणीपूर्वी पेटी आतून धुऊन धातूचा कीस पूर्ण काढावा. अनेक ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स व हायड्रॉलिकचे तेल एकच असते; राहिलेला कीस पंपाचेही नुकसान करतो. शेवटी उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचेच तेल भरावे.

गळीत हंगाम संपताच ही तपासणी करून घ्यावी, म्हणजे सुटे भाग मिळविण्यास वेळ मिळतो. निर्णयाबाबत शंका राहिल्यास भेग आणि पापुद्रे या दोन खुणा पुन्हा पाहाव्यात. यांपैकी एक जरी आढळली, तरी गिअर परत बसवू नये.