पत्रिकेची आठवी करेक्शन

चि. सईस,


परवा फोनवर म्हणालीस, "आत्या, लग्नपत्रिकेच्या डिझाइनचे दोन हजार सांगितले तर महाग म्हणाले." दोनच हजार का, असं मी विचारलं तर तू गप्प. कोपऱ्यावरचा प्रेसवाला पंधराशे घेतो म्हणून तू दोन. असा उसना आकडा घासाघिशीत टिकत नाही गं.

वही घे. भाडं, किराणा, वीज, सॉफ्टवेअर, फॉन्ट आणि पुढच्या लॅपटॉपसाठी बाजूला टाकायचे पैसे मांड. समज, महिन्याला ५०,००० झाले. आता तास मोज. २५ दिवस रोज आठ तास बसलीस, तरी निम्मे तास फोन, प्रेसच्या चकरा आणि पैशांची आठवण करून देण्यात जातात. विकायला उरले १००. म्हणजे तासाला ५०० पडले, आणि त्यात आजारपण नाही की पितृपक्षातली मंदी नाही. ७०० च्या खाली येऊ नकोस.

पत्रिका तीन तासांची, असं तू म्हणशील. डिझाइन तीन तासांचंच असतं, उरलेले तास नातेवाइकांचे. आम्ही ब्रोमाइड कागदावरचा मजकूर कापून चिकटवायचो तेव्हा एका पत्रिकेत धाकट्या मामांचं नाव राहिलं. ते घातलं तर निमंत्रकांची ओळ खाली सरकली आणि आत्याबाई शेवटी गेल्या. त्यांना वर घेतलं तर आजोबांच्या नावामागचं 'कै.' गळालं. मग तिथी चुकली. दर वेळी नवं ब्रोमाइड, पुन्हा कात्री, पुन्हा रबर सोल्यूशन. आठव्या करेक्शनलाही पैसे पहिलेच! त्यानंतर माझ्या कोटेशनात एक ओळ कायमची आली: दोन करेक्शन दरात, पुढची प्रत्येक वेगळी. ती ओळ वाचली की लोक नावांची यादी घरातल्या मोठ्यांना दाखवूनच आणतात.

महाग म्हणाले तर दर उतरवू नकोस, काम उतरव. करेक्शन एकच, व्हॉट्सअ‍ॅपसाठी वेगळी पत्रिका नाही. निम्मे पैसे आधी. आणि "जरा सीडीआर फाइल पाठव ना" असं म्हणून मूळ डिझाइन फाइल मागितली, तर गोड बोलून वेगळा आकडा सांग.

लोगोला मात्र तासांचा हिशोब पुरत नाही. एकाच टपरीवर लागणारा आणि दहा शाखांवर झळकणारा लोगो एका भावात कसा द्यायचा? कुठे, किती वर्षं वापरणार ते आधी विचार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क द्यायचे ते लेखी, सहीनिशी. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारत. चार ओळींचा कागद पुरतो, पण हवा.

कंपन्या पैसे लांबवतात. उद्यम नोंदणी फुकट आहे, करून टाक. नोंदलेल्या लहान उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याजासकट. बिलावर नोंदणी क्रमांक छाप, म्हणजे भांडायला जावं लागत नाही.

घरच्यांचं काम फुकट करायचं तर बिल तरी पुरं कर. खाली 'आहेर' लिहून रक्कम वजा कर. तुझ्या काकाने माझं असं बिल पाहिलं आणि पुढच्या कामाला न मागता अ‍ॅडव्हान्स दिला.

त्या पत्रिकेचं कोटेशन आजच पाठव. लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं असेल तर प्रेसला फाइल दिवाळीआधी लागेल, आणि ऐन दिवाळीत करेक्शन आली तर तिचा दर दुप्पट, हेही लिही.

तुझी आत्या