रसग्रहणाला गुण कसे द्यावेत?

(द्वितीय वर्ष, कला)

कलेचा आस्वाद हा विषय वेळापत्रकात आला, की त्याच्या मागोमाग गुणपत्रिकाही येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील श्रेयांक पद्धतीनुसार एका श्रेयांकाला अध्यापनाचे १५ तास धरले जातात, म्हणजे दोन श्रेयांकांच्या विषयाला ३० तास मिळतात. एवढ्या अवधीत चित्र आणि शिल्प पाहावयास शिकवायचे व शेवटी प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा लिहायचा, हे काम वाटते तितके सोपे नाही. त्या आकड्याने नेमके काय मोजावे, एवढाच विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

याबाबत दोन मते नेहमी ऐकू येतात. पहिले असे, की आवड ही ज्याची त्याची. तिला गुण देताच येत नाहीत. दुसरे असे, की मग निदान मोजता येईल ते विचारावे: चित्रकाराचे नाव, साल, शैली, वैशिष्ट्ये. पहिल्या मताने विषय सैल होतो आणि दुसऱ्याने तो पाठांतराचा होतो.

शालेय वयात आपल्यापैकी अनेकांनी एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा दिल्या असतील. तेथे परीक्षकाच्या हाती वस्तुचित्राचा किंवा संकल्पचित्राचा कागद असतो. रेषा, प्रमाण, छायाप्रकाश पाहून तो श्रेणी ठरवितो. रसग्रहणात विद्यार्थी चित्र काढीत नाही, तो चित्र पाहतो. मग परीक्षकाने पाहावयाचे काय? माझ्या मते, विद्यार्थ्याने काय पाहिले आणि त्यावरून तो काय म्हणू शकला, हेच.

एडमंड फेल्डमन या अमेरिकन कलाशिक्षकाने कलाकृतीकडे पाहण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: वर्णन, रचनेचे विश्लेषण, अर्थनिर्णय आणि मूल्यनिर्णय. आवड शेवटच्या पायरीवर येते. आधीच्या तीन पायऱ्या चढल्याशिवाय तिला आधार मिळत नाही.

आपल्या जवळचेच उदाहरण घेऊ. वारली चित्रकलेची डहाणू, तलासरी ही गावे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होती. डहाणूकडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांतून आकृती बनते, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग वापरतात, लग्नात चौक लिहितात, एवढे कोणत्याही टिपणात सापडते. शंभर विद्यार्थी हीच वाक्ये लिहितील आणि शंभर जणांना सारखेच गुण मिळतील.

आता तारपा नृत्याचे एखादे चित्र समोर ठेवा. नाचणाऱ्यांची रांग वाटोळी दिसते. पण अनेक चित्रांत ती बंद वर्तुळ करीत नाही. ती गोगलगाईच्या शंखासारखी वळत जाते आणि तिचे एक टोक मोकळे राहते. हे झाले वर्णन. मोकळ्या टोकामुळे डोळा एका जागी थांबत नाही, तो रांगेबरोबर आत-बाहेर फिरतो. हे झाले विश्लेषण. चेहऱ्यांना नाक-डोळे नाहीत, म्हणून कोणी एक जण उठून दिसत नाही. नाच साऱ्या पाड्याचा वाटतो. हा झाला अर्थ. ‘म्हणून मला हे चित्र आवडते’ हे वाक्य आता लिहिले, तर त्याला गुण देता येतील. विद्यार्थ्याने ‘म्हणून मला ते एकसुरी वाटते’ असे लिहिले आणि कारण चित्रातूनच दाखविले, तरी तितकेच गुण द्यावेत.

हा प्रश्न मला केवळ अभ्यासक्रमाचा वाटत नाही. माझ्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीत भिंतीवर चित्र म्हणजे लक्ष्मीचे कॅलेंडर. त्या छापील लक्ष्मीचा वंश राजा रविवर्मा यांनी १८९४ साली घाटकोपरला सुरू केलेल्या छापखान्यापर्यंत पोहोचतो, हे मला वर्गात कळले. ज्यांच्या घरी कलेची पुस्तके आहेत, त्यांना नावे व साले आधीच ठाऊक असतात. गुण केवळ नावांना दिले, तर मोजले जाते घर. ते अलंकारिक भाषेला दिले, तरीही बरेचसे घरच मोजले जाते. पाहणे मात्र सर्वांना वर्गातच शिकावे लागते. तेथे सारे जवळजवळ एका रेषेवरून निघतात.

यासाठी ५० गुणांची एक विभागणी सुचवावीशी वाटते: वर्णनाला १५, विश्लेषणाला १५, सकारण मताला १० आणि इतिहासाच्या माहितीला १०. माहिती नको असे मुळीच नाही. पण तिने डोळ्यांची जागा घेऊ नये. ही विभागणी सत्राच्या पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहावी. प्रात्यक्षिक म्हणून अंबरनाथच्या शिवमंदिराला जावे. ठाण्याहून लोकलने जाता येते. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०च्या सुमाराचा, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातील शिलालेख तेथे आहे. पण साल पाठ करण्यापूर्वी, गाभाऱ्यात जाताना पायऱ्या उतरून खाली का जावे लागते आणि उतरताना उजेडाचे काय होते, हे प्रत्येकाने एका पानात लिहावे. सत्राच्या अखेरीस पुन्हा तेथेच जाऊन दुसरे पान लिहावे. दोन पानांमधील अंतर म्हणजे विद्यार्थ्याची प्रगती.

एवढ्या वह्या प्राध्यापकांनी कधी तपासाव्यात, हा आक्षेप योग्य आहे. मोठ्या वर्गात हे काम जड जाईल. म्हणूनच एका पानाची मर्यादा घातली आहे. मथळे ठरलेले असले म्हणजे एक पान लवकर तपासून होते, आणि गुण का कापले हे विद्यार्थ्यालाही दाखविता येते. कारण न कळता मिळालेला आकडा पुढच्या चित्राच्या वेळी काहीच उपयोगी पडत नाही.

आपल्या काव्यशास्त्रात रसिकाला ‘सहृदय’ म्हटले आहे. अभिनवगुप्ताच्या मते काव्याच्या सतत अनुशीलनाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले, तो सहृदय. तेथे त्याने कुळाची किंवा घराची अट घातलेली नाही. अट आहे ती अभ्यासाची. आमच्या गुणपत्रिकेनेही तेवढीच अट घालावी.